पुरवठा खंडित झाल्याने

बातमी लिहिता लिहिता माझ्या हाताला एक क्रियापद चिकटलं आहे, खंडित होणे. वीजपुरवठा खंडित होतो, पाणीपुरवठा खंडित होतो, गावांचा संपर्क खंडित होतो, कधी कधी चर्चाही खंडित होते. सोलापुरात घरी कुणी असं बोलत नाही. माणसं म्हणतात लाईट गेली, नळ आला नाही, फोन कट झाला. तेच संध्याकाळी माझ्या टेबलावर आलं की त्याला इस्त्री होते. कुणी केलं, हे या क्रियापदाला विचारायची सोय नाही. ते आपलं आपण होतं, आणि पुढच्या वाक्यात नागरिक त्रस्त होतात. ही जोडी मी झोपेतही लिहीन.

तरी 'त्रस्त' लिहिताना हात जरा अडखळतो. मन भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात जाऊन बसतं. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर. वडील, म्हणजे आमचे नायना, दिवसभर टॉवेल विणायचे. माग चालू असताना घरात बोलणं नव्हतंच, नुसते हातवारे. लाईट गेली की गल्लीभरचा खडखडाट एकदम गळून पडायचा. आधी कान सुन्न, मग हळूहळू ऐकू यायला लागायचं. शेजारची फोडणी, कुणाच्या बांगड्या, पत्र्यावर उतरलेलं कबुतर. उन्हाच्या तिरिपीत कापसाचा तूस तरंगत राहायचा, खाली बसायची त्याला घाई नसायची. नायना उंबऱ्यावर चहा घेत बसायचे, शेजारी आई, आणि दोघं हलक्या आवाजात तेलुगूत बोलायची. मी तिथंच पडून अर्धं ऐकायची, अर्धं झोपायची. इतकं सुख मला पुन्हा फारसं मिळालेलं नाही.

कॉलेज संपलं आणि शहरातल्या एका दैनिकात नोकरी मिळत होती. काम संध्याकाळचं, घरी यायला उशीर. आठवड्यात कळवायचं होतं. नायनांना विचारायची माझी छाती नव्हती. आई म्हणाली, "लाईट जाऊ दे, मग मी विचारते." एरवी ते सापडायचेच कुठे? माग थांबेपर्यंत त्यांचे डोळे मिटायला आलेले असत, जेवता जेवता पेंगायचे.

आणि नेमकी तेव्हाच लाईट जाईना! एरवी उठसूट जाणारी, तिला त्या आठवड्यात कुठली सद्बुद्धी सुचली देव जाणे. मी चौकटीला टेकून पंख्याकडे बघत बसायची. पंखा आपला गरगरतोय. मैत्रिणी पास व्हावं म्हणून देवाला नारळ बोलायच्या, मी लाईट जावी म्हणून बोलले. दिवस कसे धुक्यातून गेल्यासारखे गेले. स्वयंपाकघरात उभी असायची मी, आणि मनानं कधीच त्या दैनिकाच्या कचेरीत पोचलेली.

शेवटच्या दिवशी दुपारी पंखा मंदावला. गल्ली गप्प झाली. आई पदराला हात पुसत आली, नायनांच्या हातात कपबशी दिली आणि सुरुवात केली. "पोरीला पेपरात काम मिळतंय की. तिची लई इच्छा आहे. फक्त घरी यायला जरा..."

आणि लाईट आली.

गल्लीतले माग एकेक करून सुरू झाले. नायना सवयीनं उठले, कपबशी खाली ठेवली आणि आमचे दोन्ही माग चालू केले. आईचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग मिटले. ती आत वळली. संपलं, असं मला वाटलं. मला रडू फुटलं, आणि त्या आवाजात ते कुणाला ऐकूही जाणार नव्हतं.

नायनांनी आईच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोरा तुटल्याशिवाय त्यांनी चालता माग कधी थांबवलेला नव्हता, घरी पाहुणे आले तरी नाही. त्यांनी हात पुढे केला आणि एक माग बंद केला. मग दुसरा. गल्लीभर खडखडाट चालला होता, लाईट होती, आणि आमचे दोन्ही माग उभे होते. त्यांनी बाहेरचं दार लोटून घेतलं, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि बरा ऐकू येणारा कान माझ्याकडे करून म्हणाले,

"आईला राहू दे. तू सांग."