कुंजपक्ष्याचं अंगण

आरफाकच्या डोंगरात नाफ्तालीएवढा बडबड्या माणूस दुसरा नाही. तो ओढ्यावर बोलला तर वरच्या वस्तीतली डुकरं मान वर करतात. मानोकवारीच्या बाजारात भाजी विकायला बसला, तर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पालाच सुकला. आणि अशा माणसानं शेवटी धंदा निवडला तो पाहुण्यांना पहाटे जंगलात नेऊन पक्षी दाखवायचा. म्हणजे तोंड मिटून बसायचा! बायको म्हणाली, "पक्षी दिसो न दिसो, सकाळी घरात शांतता तरी होईल."

अडचण थोरल्या भावाची होती. मेसाकला पक्षी असलेला तोच जंगलाचा उतार तोडून रताळी लावायची होती. शेवटी तोड निघाली: पहिल्या फेरीला मेसाकनं बरोबर यायचं. पाहुणे खूश झाले तर जंगल राहील, नाहीतर उद्यापासून कुऱ्हाड.

दोन पाहुण्या आणि दोघे भाऊ अंधारातच पानांच्या आडोशात दाटीवाटीनं बसले. उजाडलं तसं नाफ्तालीनं पानं सारून पाहिलं. मादीला भुलवायला कुंजपक्ष्यानं रचलेली काटक्यांची झोपडी जागेवर होती, पण पुढचं शेवाळाचं अंगण लख्ख मोकळं. त्यानं सजावटीला मांडलेला लाल फळांचा ढीग नाही, काळी अळंबी नाही, भुंग्यांचे चकचकीत पंख नाहीत.

"दादा, हे तू केलंस?" तो कुजबुजला.

"मी कशाला? काल आई खराटा घेऊन आली होती. पाहुणे यायचेत आणि दारात हा कचरा, लोक काय म्हणतील, म्हणाली. सगळं खाली ढकललं."

"आणि तू बघत बसलास?"

"तू अडवून दाखव आईला."

एवढ्यात पक्षी आला. मातकट, साधाच. दारात उभा राहिला, अंगण पाहिलं, आणि जे तोंड सोडलं! करकरला, खरखरला, मध्येच कुत्र्यासारखा भुंकला.

"थेट आपली काकू," मेसाक पुटपुटला.

नाफ्तालीला वाटलं, आता उडून जाणार. पण पक्षी उतारावर उतरला आणि एक लाल फळ चोचीत घेऊन आला. ठेवलं, मागे सरून मान वाकडी करून पाहिलं. पसंत पडेना; उचलून वीतभर सरकवलं. मग दुसरं. मग तिसरं. मांडलेलं अंगण नाफ्तालीनं कितीदा पाहिलं होतं, पण पहिल्या फळापासून मांडताना कधीच नाही. पाहुण्यांचे कॅमेरे मांडीवरच राहिले. नाफ्तालीचा जबडा गप्प बसून दुखायला लागला.

शेवटी बोलला तो मेसाकच. "अरे, अळंबी तिकडे नको! लालच्या शेजारी ठेव की!"

पक्ष्यानं ती आणखी लांब नेली. मेसाकनं कपाळाला हात लावला.

ऊन चढलं तरी पाहुण्या उठेनात. उद्याही इथंच बसायचं, असं सांगूनच त्या उठल्या.

उतरताना मेसाकनं सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "रताळी ओढ्यापलीकडे लावू."

नाफ्तालीनं तोंड उघडलं.

"बोलू नकोस. पहाटे हाक मार, म्हणजे झालं. आणि आडोशात पुढची जागा माझी. ती अळंबी तो शेवटी कुठे ठेवतो, बघतोच मी."