आत्या आणि पितळी पाटी

नामपाट्या कोरणारा कारागीर त्या चौकात दुकान थाटायला आला, तेव्हा त्याचं स्वागत ओल्या फडक्याने झालं. बुटाचे बंद आवळायला तो स्मारकाच्या चौथऱ्यावर टेकला, एवढाच त्याचा गुन्हा. तेवढ्यात धरणी हादरली, आभाळ फाटलं, कबुतरांनी गाव सोडलं आणि राखेने माखलेले दोन हात त्याच्या मानगुटीवर बसले. निदान तो पुढे जन्मभर असंच सांगायचा. प्रत्यक्षात त्याच्यासमोर पाच फुटांना चार बोटं कमी पडणारी एक म्हातारी उभी होती.

"ऊठ! ही काय तुझ्या सासऱ्याची ओसरी आहे?"

"चुकलं, आजी."

"आजी असशील तू! मला सगळे आत्या म्हणतात."

आत्या इस्पितळात आया होती. तिच्या वॉर्डातल्या नळांत बघून डॉक्टर भांग पाडायचे म्हणे. नोकरी संपली, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग तिने ते स्मारकाच्या पितळी पाटीकडे वळवले. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्या गावातल्या पोरांची नावं त्या पाटीवर होती. दर रविवारी सकाळी राख, लिंबू आणि फडकं घेऊन ती हजर व्हायची. सुरुवात धाकट्या भावाच्या नावापासून, आणि सगळी पाटी घासून झाली की पुन्हा त्याच नावावर एक जादा हात.

भाऊ पक्का आळशी. सुट्टीवर आला की गणवेश तिच्यापुढे टाकायचा. "ताई, बटणं तेवढी बघ गं. तुझ्यासारखी चमक अख्ख्या पलटणीत कुणाला जमत नाही." लबाड लेकाचा! स्तुती केली की काम होतं, हे त्याला पाळण्यातच कळलं असावं. दुसऱ्या महायुद्धात तो समुद्रापार गेला तो तिकडचाच झाला. गणवेशही परत आला नाही. चमकवायला तिच्यापाशी उरलं ते पाटीवरचं नाव.

कारागिराच्या दुकानातून स्मारक समोरच दिसायचं. रविवारी तो चहा घेऊन जायचा आणि आत्या त्याला "बायकोने घराबाहेर काढलं वाटतं" म्हणून कपातला चहा बशीत ओतायची. अशी त्यांची गट्टी जमली.

एका वर्षी स्मृतिदिनाला नवे नगराध्यक्ष आले. बिगुल झाला, पुष्पचक्र वाहिलं, आणि नगराध्यक्ष पाटीवर बघून एकेक नाव वाचू लागले. वाचता वाचता आत्याच्या भावाच्या जागी आले, डोळे बारीक केले आणि सरळ पुढच्या नावावर गेले.

"आणि आमचा?" पहिल्या रांगेतून आत्या ओरडली.

लोक पांगल्यावर कारागिराने पाटीवरून अंगठा फिरवला. बाकीची नावं बोटाला लागत होती. त्या एका जागी मात्र नुसती गुळगुळीत चमक होती.

"कुणी केलं रे हे?" आत्याने विचारलं.

त्याची नजर तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या फडक्यावर गेली, आणि तिचीही मागोमाग तिथेच पोचली. तिने स्वतःचा अंगठा त्या गुळगुळीत जागेवरून फिरवून पाहिला.

"मग आधीच बोलायचं नाही का, मेल्या? तोंडात छिन्नी धरली होतीस?"

"तुमच्या हातचं फडकं काढून घेण्याइतकी छाती कुणाची आहे, आत्या?"

पाटी उतरवून दुकानात आणली. आत्या स्टुलावर ठाण मांडून बसली.

"खोल कोर. आणखी खोल."

"पलीकडून बाहेर येईल."

"येऊ दे. मागूनही वाचतील लोक."

नाव उमटलं. पितळेचा कीस फुंकून त्याने हात पुसले आणि मग घसा खाकरून अट घातली. यापुढे राख नाही, लिंबू नाही. वर्षातून एकदा कोरडं मऊ कापड फिरवायचं, बस. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की दाढ उपटणाऱ्याकडेही कुणी पाहत नसेल. मग तिने पिशवीतलं फडकं काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

"घे. ते नाव मिटण्यापेक्षा माझे हात रिकामे बरे."

रविवारी ती यायचीच. पाटीकडे पाठ करून दुकानात बसायची, त्याच्या दाराची कडी घासायची, आणि भावाच्या लबाड्या सांगायची. शाळा बुडवून तो कसा तिच्याच नावाने चिठ्ठी न्यायचा, पोहायला जाऊन कपडे कसे हरवून यायचा. सांगताना हसून तिला ठसका लागायचा. कारागिराने आयुष्यभर पाट्या कोरल्या, पण दुकानातले दिवस आठवायला बसला की त्याला तेवढे रविवारच आठवायचे. ती कडी तर अशी चमकायची, की गिऱ्हाईक दारातच केस नीट करून आत यायचं.

पुढच्या हिवाळ्यात आत्या न्यूमोनियाने गेली. त्यानंतर नगरपालिकेने पाटीवर वार्निश चढवलं. आता ती पुसावी लागत नाही.