चारातला एक

फळ्यावर एक चौकोन काढायचा, त्यात चार घरं पाडायची, वर आईची दोन अक्षरं लिहायची, बाजूला वडिलांची दोन. नांदुऱ्याच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी दहावीच्या वर्गात हा चौकोन काढला. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. तीन घरांत उंच, एका घरात बुटका. पोरं भराभर उतरवून घ्यायची, कारण त्यावर हमखास प्रश्न यायचा. मी चांगली शिक्षिका होते असं लोक म्हणतात. निकाल चांगला लागायचा, एवढं मी कबूल करते.

पण या चौकोनात पोरांची एक चूक ठरलेली असायची. चार घरं पाहून त्यांना वाटायचं, चार दाणे पेरले की मोजून तीन उंच आणि एक बुटका येणार. तसं नसतं. प्रत्येक दाण्याच्या वेळी डाव नव्यानं मांडला जातो. आधीच्या दाण्याचं काय झालं, याच्याशी पुढच्याला काही देणंघेणं नसतं. हे नीट समजावायला आणखी एक तास गेला असता. परीक्षेत ते विचारत नाहीत, म्हणून मी पुढच्या धड्याला लागायचे.

माझं माहेर धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातलं. भाजीपाला करणारं घर. आमच्या घराला सगळ्यात मोठी घमेंड होती ती भरताच्या वांग्याची. हिरवं, पांढुरक्या रेघांचं, भाजलं की साल अलगद सुटणारं वांगं. आजोबांपासून त्याचं बी घरचंच. बियाण्यासाठी राखलेल्या झाडांना कळी आली की आई जुन्या धोतराच्या फडक्याची पिशवी शिवून ती कळीवर बांधायची, म्हणजे शेजारच्या शेतातला भुंगा परका पराग घेऊन येणार नाही. ते बी आम्ही कोणाला दिलं नाही, पाव्हण्यांनाही नाही. मागणारा आला की आई हसून चहा द्यायची आणि बियाचा विषय निघाला की ऐकू न आल्यासारखं करायची.

त्याच मळ्यात विहिरीजवळ पोत्यावर माझा काका बसलेला असायचा, वडिलांचा धाकटा भाऊ. दिवसभर मेथीच्या जुड्या बांधायचा. त्याला चालता येत नव्हतं. लहानपणी ताप आला, त्यात पाय गेले, असं घरात सांगायचे. माझ्या आजी-आजोबांचं लग्न आते-मामेभावंडांचं होतं, हे मला माहीत होतं. काका दहा वर्षांचा होईपर्यंत धावत होता, हेही माहीत होतं. तापानं पाय जायचे तर एका आठवड्यात जातात, चार वर्षं घेऊन हळूहळू जात नाहीत. मी विज्ञानाची पदवी घेतली, बी.एड. केलं, आनुवंशिकता शिकवली, पण काकाच्या तापावर माझा विश्वास कायम होता. घरातल्या गोष्टीला आपण वर्गातला फळा लावत नाही.

भावाची मुलगी नववी-दहावीला माझ्याकडे राहिली. तिच्या गावी शाळा होती, पण आत्या शिक्षिका असताना पोरीनं गावात कशाला शिकायचं, असं भावाचं म्हणणं. शांत, कामसू, अक्षर मोत्यासारखं. माझे पती लवकर गेले होते. घरात मी आणि मुलगा. ती परत गेली तेव्हा घर ओकंबोकं वाटायला लागलं आणि माझ्या मनात आलं, ही इथेच राहिली तर? पुढे काही वर्षांनी मुलगा धान्याच्या अडतीवर कामाला लागला, तेव्हा मीच शब्द टाकला. लग्न मी ठरवलं. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर घरात कोणी ते बोललं नाही.

भाऊ तर हरखून गेला. मळ्यात उभं राहून मला म्हणाला, "बाई, आपन आपल्या वांग्याचं बी बाहेर देत नाही, मंग पोरगी काऊन देवाव?"

मी खूप हसले. वडील वाफ्यात वाकून एकेक रोप तपासायचे, पिवळं, खुरटं, वाकडं दिसलं की उपटून बांधावर फेकायचे. म्हणून तर घरचं बी इतकी वर्षं निरोगी राहिलं. हे तेव्हा मला का नाही सुचलं? माणसाच्या घरात खुरटं रोप कोणी उपटत नाही. त्याला विहिरीजवळ पोत्यावर बसवतात.

नातू झाला, वेळेवर चालायला लागला. पाच वर्षांचा असताना एक दिवस अंगणात बसून गोट्या खेळत होता. मी हाक मारली तशी उठला. आधी दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. ते पाहताक्षणी मला काका आठवला. बालपणीचा काका कसा उठायचा हे मी पाहिलेलंही नव्हतं, तरी आठवला. आणि मी ती आठवण तिथल्या तिथे दाबून टाकली. सुनेला म्हटलं, कॅल्शियम कमी पडत असेल. दोन वर्षं टॉनिक, तेल, मालिश, अकोल्याचे दोन डॉक्टर, एक वैदू, सगळं झालं. तोवर त्याला जिना चढवेनासा झाला होता.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. मी, सून आणि नातू. मुलाला हंगामामुळे सुटी मिळाली नाही. रक्त दिलं, परत आलो, महिना-दीड महिन्यानं अहवालासाठी पुन्हा गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, मराठी येत नव्हतं, थोडं हिंदी आणि बाकी इंग्रजी. सून नातवाला घेऊन पलीकडच्या खोलीत गेली होती, चाकाच्या खुर्चीचं माप द्यायला. त्यामुळे जे काही ऐकलं ते मी एकटीनं ऐकलं.

तिनं एका कोऱ्या कागदावर चौकोन काढला. त्यात चार घरं पाडली.

मला तिला थांबवावंसं वाटलं. पण मी विद्यार्थ्यासारखी मान हलवत राहिले. स्नायूंना बळ देणारा एक पदार्थ शरीरात तयार व्हावा लागतो, त्याची कृती आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी येते. एक बिघडलेली असली तर दुसरीवर निभावतं, माणसाला कळतही नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या की स्नायू झिजत जातात. यावर औषध नाही. नात्यात लग्न आहे का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग ती सावकाश, मला समजतंय ना हे बघत बघत म्हणाली, की पुढच्या प्रत्येक मुलाला धोका तेवढाच आहे, चारात एक, दर वेळी. पुन्हा दिवस राहिले तर दहाव्या-अकराव्या आठवड्यात इथे या, तपासणी करता येते, मग काय करायचं ते आईनं आणि वडिलांनी ठरवायचं. हे सगळं तिनं फाइलच्या शेवटच्या पानावर लिहूनही दिलं, इंग्रजीत.

परतीच्या गाडीत नातू झोपल्यावर सुनेनं विचारलं, "आत्या, काय म्हणे डॉक्टरीन?" लग्नानंतरही ती मला आत्याच म्हणायची.

मी सांगितलं की आजार घराण्यातून आला आहे आणि याला औषध नाही. ती बराच वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अन् दुसरं लेकरू?"

"चारात एकाला होतो, असं म्हणाली," मी म्हटलं.

तिचा चेहरा किंचित सैल झाला. "ते चार घरांचं ना आत्या? तुम्ही शिकवलं होतं आमाले. चारातला एक. मंग तो एक तं होऊन गेला. आता तीन चांगले."

मी मान हलवली.

त्या मान हलवण्याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. ती नुकतीच रडून थांबली होती, तिला एवढा तरी आधार असू दे, हे एक. दुसरं, मला धडधाकट नातवंड हवं होतं, आणि तीन घरं चांगली आहेत हे ऐकताना मलाही बरं वाटलं. पण खरं कारण हे नव्हे. खरं सांगायचं तर त्या तपासणीपर्यंत पोहोचायला आधी म्हणावं लागलं असतं की हे लग्नच मी जुळवलं, माझ्याकडून आणि माझ्या भावाकडून हे आलं, आणि मला वर्गातलं सगळं ठाऊक असताना मी केलं. ते म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

वर्षभरात तिला पुन्हा दिवस राहिले. मी कॅलेंडरवर आठवडे मोजत होते. सातवा, आठवा. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. फाइल कपाटात साड्यांच्या खाली होती. नवव्या आठवड्यात भाऊ वांग्यांची पिशवी घेऊन आला. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "या वक्ती चांगलंच होईन. काय बाई?" ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "होईन ना." दहावा आठवडा गेला, अकरावा गेला. बारावा संपला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगून काही उपयोग नाही, असं स्वतःला बजावता आलं. त्या सुटकेची मला आजही शिसारी येते.

मुलगी झाली. गोरी, हसरी, भारी बडबडी. तिच्या बोरन्हाणाला मी अख्ख्या गल्लीला बोलावलं. ती धावायची तेव्हा मी तिच्या पोटऱ्यांकडे पाहायचे. नातू तोवर चाकाच्या खुर्चीवर आला होता आणि बहिणीला मांडीवर घेऊन खुर्ची गरगर फिरवायचा. दोघांचं खिदळणं ऐकून शेजारीण म्हणायची, देवानं एकाचे पाय नेले तं एक चांगलं देलं.

ती चार वर्षांची असताना अंगणवाडीत कार्यक्रम होता. राष्ट्रगीत सुरू झालं, सगळी मुलं टुणकन उभी राहिली. आमची मात्र हात आधी जमिनीवर, मग गुडघ्यांवर टेकत उठली. मी तिथे नव्हते. सून होती.

ती घरी आली, कपाट उघडलं, साड्यांखालची फाइल काढली आणि मला काही न विचारता बाहेर गेली. गावातल्या एका डॉक्टरांकडून शेवटचं पान वाचून घेतलं. परत आली तेव्हा मी ओट्याशी कणीक मळत होते.

"आत्या, यात लिहेल हाय का दर वक्ती तेवढीच भीती. अन् पोटात असतानीच कयते. तुम्हाले माहीत होतं?"

"हो."

"कव्हापासून?"

"मुंबईपासून."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच खाली बसली, फाइल मांडीवर धरून.

"काय करायचं ते माह्यं मी पाह्यलं असतं," ती म्हणाली. "ठेवलं असतं नाही तं नसतं ठेवलं. पन मले इचारायचं होतं ना. आता मले धड रडता बी येत नाही आत्या. रडली तं पोरगी म्हनन, आईले मी नको होती. अन् नको कशी म्हनू? मले तं पाह्यजे हाय ते."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. हाताला कणीक होती. तिनं खांदा काढून घेतला.

"तिले तुम्ही सांगान," ती म्हणाली. "इचारन तव्हा. मी नाही सांगनार, तिचा बाप नाही सांगनार. तुम्ही मास्तरीन हा, तुम्ही सांगान. अन् यावक्ती खरं सांगान."

एवढं बोलून ती उठली आणि नातवाला संडासला न्यायची वेळ झाली म्हणून आत गेली. त्यानंतर घर चालू राहिलं. ती माझ्याशी बोलते, ताट वाढते, माझ्या गोळ्यांची वेळ पाहते. वाईट वागत नाही. मुलानं आठवडाभर तोंड फिरवलं, मग तोही बोलायला लागला. भावाला कळल्यावर त्यानं येणं कमी केलं. शिक्षा म्हणावी असं कोणी काही केलं नाही, आणि मला ती हवी होती, हेही खरं.

नात आता सात वर्षांची आहे. शाळेची पायरी तिला हात धरल्याशिवाय चढवत नाही. गेल्या आठवड्यात दुपारी मी तिच्या पोटऱ्यांना तेल लावत होते. पोटऱ्या टणक आणि फुगीर झाल्या आहेत, बघणाऱ्याला वाटावं चांगली दणकट पोरगी आहे. सून दाराशी गहू निवडत बसली होती. नात म्हणाली, "आजी, माह्ये पाय दादासारखे होऊन राह्यले का?"

सुनेचे सुपातले हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"हो," मी म्हटलं.

"मंग मी बी खुर्चीवर बसन?"

"हो. बसशील."

मला वाटत होतं, हिनं आता आईला हाक मारावी, रडावं, काहीही करावं. पण ती वर्गातल्या हुशार मुलीसारखी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"कव्हा?"

ते मला खरंच माहीत नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं.