व्याज म्हणून धरलेलं मुद्दल

नोटीस आली तेव्हा बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पोस्टमनने सही घेतली आणि लिफाफा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. आतून मायनं विचारलं, "कायचं टपाल व्हय?"

"बँकेचं," बाबा म्हणाले.

ते मायशी खोटं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. लिफाफ्यावरचा शिक्का मी पाहिला होता. तो आयकराच्या ऑफिसचा होता.

दारव्ह्यात आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्यांच्या कापसाने भरलेल्या बैलबंड्या रांगेत उभ्या राहत. बाबा प्रत्येक बंडीतून मूठभर कापूस उचलत, धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणून पाहत आणि चिठ्ठीवर प्रत लिहीत. त्या चिठ्ठीवर भाव ठरायचा. पुढे कापसाचे दिवस वाईट आले. भाव पडले, केंद्रावरची खरेदी आटत गेली, आणि बाबांसारख्या बऱ्याच जणांना एकरकमी पैसे देऊन मुदतीआधीच घरी पाठवलं. ती सगळी रक्कम बाबांनी बँकेत मुदत ठेवीत टाकली. दर तीन महिन्यांनी व्याज बचत खात्यात जमा व्हायचं, त्यावर घर चालायचं. मी एका खाजगी शाळेत शिकवत होते, पण तिथला पगार कधी दोन महिन्यांनी, कधी चार महिन्यांनी. मायची साखरेची इंजेक्शनं बाबांच्या व्याजातूनच येत.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी मी कपडे धुवायला घेतले तेव्हा खिशातून नोटीस काढली आणि वाचली. बाबांनी मोठं उत्पन्न लपवलं, त्यावरचा कर भरला नाही, आता कर, त्यावरचं व्याज आणि दंड भरा, असा मजकूर होता. लपवलेली म्हणून जी रक्कम दाखवली होती, ती वाचून मी दारातच बसले. ती आमची अख्खी ठेव होती.

"बाबा, ठेवीची मुदत संपली तवा तुमी ते पैसे परत तिथंच ठेवले ना?"

"त्याच दिवशी ठेवले. घरी आणलेच नाही."

"मग यांनी मुद्दलच व्याज म्हणून धरलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "लपवलं म्हणते ते कागद," ते म्हणाले. पैशापेक्षा तो शब्द त्यांना लागला होता. बुद्धविहारात वर्षानुवर्षं वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे असे. त्या महिन्यात प्रकृतीचं कारण सांगून त्यांनी वही दुसऱ्याकडे दिली.

मी रजा टाकली आणि आम्ही एसटीने जिल्ह्याला गेलो. ऑफिसातला बाबू वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पडद्यावर नंबर टाकून पाहिला.

"इथं तर व्याजच दिसून राह्यलं, काका."

"पण ते व्याज नाही. माहे कामाचे पैसे होत ते."

"तुमचं बरोबर असन. पण मी काय करू? बँकेचा दाखला आणा."

बँकेने दाखला द्यायला पंधरा दिवस लावले. मुद्दल इतकं, व्याज इतकं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. आम्ही तो घेऊन पुन्हा गेलो. बाबूने तो वाचला, मान हलवली आणि फाईलला लावला. "आता अर्ज करा. तो वर जाईन."

"वर म्हंजे कुठं?"

"वर," तो म्हणाला. त्यालाही नीट माहीत नसावं.

अर्ज वर गेला आणि तिकडून दुसरी नोटीस आली. त्यानंतर आठवड्याभराने बाबा बँकेत पैसे काढायला गेले, तर वसुली होईपर्यंत खात्यातून पैसे काढता येणार नाहीत, असं त्यांना सांगण्यात आलं. ते चालत घरी आले. मायच्या इंजेक्शनसाठी त्यांनी माझ्याकडे पैसे मागितले, तेही सरळ नाही. "तुह्या पगाराचं काय झालं?" एवढंच विचारलं. मी मैत्रिणीकडून उसने आणून दिले. मायला आता सगळं सांगावंच लागलं. ती म्हणाली, "मले आधी काहून नाही सांगतलं?"

तिसऱ्या खेपेला बाबू रजेवर होता. त्याच्या जागी बसलेल्याने फाईल उघडलीसुद्धा नाही. "अर्ज केला ना? मग वाट पाहा," म्हणाला. परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंनी कापसाची पऱ्हाटी उभी होती, वेचणी अर्धवट सोडलेली. शहर मागे पडल्यावर ते बोलू लागले.

"म्याही एका बाईले असंच म्हटलं होतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"एकटीच बंडी घेऊन आलती. नवरा नव्हता तिचा. कापूस मस्त होता, पांढराधोप. पण तिच्या पुढच्या बंडीतला कापूस कवडी होता, किडका, डागी. गर्दी होती. म्या चिठ्ठ्या उलट्या लिहिल्या. तिच्या चिठ्ठीवर कवडी पडलं."

"मग?"

"तिनं सांगतलं, साहेब, पुन्हा पाहा. म्या पाह्यलं. मले दिसलं बी. पण तवरिक पुढची बंडी मोजून खाली झालती. चिठ्ठी बदलाची म्हंजे साहेबाले लिहून द्या लागे का चूक माही होय. आधीच लोकाईले घरी पाठवून राह्यले होते. म्या म्हटलं, वर अर्ज करा." ते बाहेरच्या पऱ्हाटीकडे पाहू लागले. "दोन दिवस उभी होती ते बंडीपाशी. तिसऱ्या दिवशी कवडीच्या भावात देऊन गेली."

मी तेव्हा कॉलेजात होते. त्याच नोकरीच्या पगारातून माझी फी जात होती. हे त्या गाडीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं.

उन्हाळा लागायच्या आत ऑफिसात नवीन अधिकारी आल्या. आम्ही चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी स्वतः बोलावून घेतलं. वय माझ्याएवढंच. त्यांनी बँकेचा दाखला, पासबुक आणि त्यांच्याकडची नोंद शेजारी शेजारी ठेवली. दहा मिनिटं त्या एकेक आकडा ताडून पाहत होत्या.

"काका, मुद्दल व्याजात धरलं गेलंय," त्या म्हणाल्या. "चूक आमच्याकडची आहे. मी दुरुस्तीचा आदेश काढते. खातंही मोकळं होईल."

बाबांनी हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. ते म्हणाले, "म्या लपवलं नव्हतं, असं त्याच्यात लिहान का?"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "आदेशात तसं लिहिता येत नाही. मागणी रद्द, एवढंच येईल. पण मी तुम्हाला तोंडी सांगते. तुम्ही काहीही लपवलेलं नव्हतं."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

आदेश यायला आणखी दोन महिने लागले. एक पानभर कागद, त्यात मागणी शून्य. खातं मोकळं झालं, मैत्रिणीचे पैसे फिटले. सगळं मिटलं असं मला वाटलं. पण एका रविवारी बाबांनी धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चाल माह्यासंगं. त्या बंडीवाल्या बाईचं गाव मले मालूम आहे."

फाट्यावर उतरून आम्ही तासभर चाललो. बाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. त्या दारात गोवऱ्या रचत होत्या. बाबांना त्यांनी ओळखलं नाही. पाणी दिलं, बाज टाकली. बाबांनी आपण कोण ते सांगितलं आणि मग सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाले, "कापूस तुमचा चांगला होता, बाई. चूक माही होती. मले त्याच दिवशी समजलं होतं."

बाई उभ्याच होत्या. "मलेही त्याच दिवशी समजलं होतं," त्या म्हणाल्या, "का तुमाले चूक दिसली आहे."

बाबांनी खिशातून पाकीट काढलं. भावातला फरक त्यांनी घरी आकडेमोड करून त्यात ठेवला होता. बाईंनी त्याला हात लावला नाही.

"हे राहू द्या. त्या पैशाचं जे व्हायचं ते झालं. माहा दीर म्हणे, हिनं घरचा चांगला कापूस चोरून इकला अन् केंद्रावर कवडी नेला. तवापासून वावराचा कारभार त्यानं माह्या हातातून काढला. गावातही तेच बोलतेत." त्या बाबांकडे पाहत होत्या. "त्याले सांगा. आता, माह्यासमोर."

दीर शेजारच्याच घरात होता. दोनचार माणसं ओट्यावर बसलेली. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. केंद्रावर मोठ्या आवाजात नावं पुकारणारा माणूस, पण तेव्हा त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू येत होता. ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "जरा जोरानं बोला." बाबांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बंडी, पुढची बंडी, उलट्या पडलेल्या चिठ्ठ्या, दोन दिवस.

दीर खाली पाहून ऐकत होता. "इतक्या वर्षानं सांगून काय फायदा?" तो म्हणाला.

"फायदा नाही," बाबा म्हणाले. "पण खरं ते हे आहे."

म्हाताऱ्याने बाईंकडे वळून पाहिलं. "तू तर तवाच सांगे, बाई," तो म्हणाला. बाईंनी फक्त मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मला दिसलं नाही. रागही दिसला नाही. त्या वळल्या आणि घरात गेल्या. दिराने पुढे कारभार परत दिला की नाही, ते मला कळलं नाही. आमची पुन्हा भेट झाली नाही.

परतताना बाबा माझ्यापुढे चालत होते, नेहमीपेक्षा हळू. फाट्यावर एक काळी-पिवळी जीप उभी होती, माणसं बाहेर लटकलेली. ड्रायव्हरने त्यांना विचारलं, "कुठं जाचं, काका?" बाबा मागे वळून गावाकडे पाहत होते. दारव्हा, असं मी सांगितलं, आणि आतल्या एका बाईने लेकराला मांडीवर ओढून त्यांच्यासाठी जागा केली.