आर्डिथबाई थांबल्या नाहीत

सोकोरो गावाला पोचता पोचता आमच्या शेजारच्या आर्डिथबाईंच्या गाडीचं इंजिन जळालं. वाढीव वॉरंटी होती, पण कंपनीने दावा नाकारला. डॅशबोर्डवर इंजिनचा लाल दिवा लागल्यावरही त्या गाडी चालवत राहिल्या होत्या.

सुनावणीत लवादाने विचारलं, "दिवा दिसला होता?"

"दिसला की. मागच्या सीटवर माझा नवरा लीलंड छाती धरून पडला होता. धुळीत सगळं वाळवंट तरंगत होतं, आणि तो दिवा मला लांबच्या एखाद्या घरातला वाटत होता. त्याच्याकडे बघत बघत हॉस्पिटल गाठलं."

कंपनीचा माणूस हळूच म्हणाला, "करारात लिहिलंय बाई, लगेच थांबायचं."

"मग लिहून घ्या, नाही थांबले."

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दिवा लागण्याआधीच बिघडलेल्या, इंजिनातल्या तेलाच्या पंपाची भरपाई तेवढी मिळाली. लीलंड मात्र वाचला.

बंद पडलेली गाडी अजून अंगणातच आहे. संध्याकाळी दोघं तिच्यात जाऊन बसतात. स्टिअरिंगवर लीलंड असतो.

"कुठे नेऊ तुला?"

"कुठेही ने. पण सावकाश हं."

समोरचे डोंगर जांभळे होत जातात, आणि काचेतून बघताना ते खरंच जवळ येतायत असं वाटतं.