टाळ्या वगळून

मृत्यू ही माणसाची अखेरची खासगी मालमत्ता असते, आणि तिच्यावर समाजाचा हक्क नेमका कुठून सुरू होतो, हा आपल्या काळापुढचा सर्वांत गंभीर नैतिक प्रश्न आहे. हे वाक्य माझं नाही. डोंबिवलीतल्या आमच्या व्याख्यानमालेच्या अध्यक्षांनी ते कार्यकारिणीच्या तातडीच्या सभेत उच्चारलं, क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं, आणि बटाटेवड्याबरोबरची मिरची कोणाला नको असेल तर इकडे द्या, असं म्हणाले.

सभा तातडीची होती, कारण आदल्या आठवड्यात आमच्या मंचावर एक वक्ते वारले होते.

वक्ते साधेसुधे नव्हते. ते टीव्हीवर दिसत. विमानतळावर लोक त्यांच्यासोबत फोटो काढत. एकापाठोपाठ आलेल्या दोन सरकारांनी त्यांना सल्लागार नेमून त्यांचा एकही सल्ला ऐकला नव्हता, इतके ते मोठे होते. त्यांचं गाजलेलं व्याख्यान म्हणजे 'थोरांचे अखेरचे क्षण'. राजे, संत, क्रांतिकारक, शास्त्रज्ञ अशा सगळ्यांना ते आळीपाळीने मारत. कोणी शेवटचं पाणी मागितलं, कोणाची नजर खिडकीकडे वळली, कोणाच्या ओठांवर कोणतं अर्धं वाक्य राहिलं, हे ते असं सांगत की उशाशी बसून आल्यासारखं वाटे. मधूनमधून ते स्वतःच मरून दाखवत. श्रोते घरून धुतलेला रुमाल आणत.

त्या संध्याकाळी ते एका राजाला मारत होते. छातीवर हात गेला, दुसरा हात पोडियमवरून सुटला, आणि ते हळूहळू खाली बसत आडवे झाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. चांगल्या भरघोस वाजवल्या. मागून कोणीतरी "वा, क्या बात है!" म्हणालं. मी विंगेत समारोपाची शाल आणि नारळ धरून उभा होतो. हात मोकळे नसल्यामुळे मी टाळ्या वाजवल्या नाहीत. यात नैतिकतेचा काही भाग नव्हता.

राजा उठेना, तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक दंतवैद्य मंचावर आले आणि त्यांनी नाडी पाहिली. पुढचं सगळं रीतसर झालं. रुग्णवाहिका आली, रुग्णालय झालं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि 'व्यासपीठावरच अखेरचा श्वास' अशा मथळ्यात आमच्या मालेचं नाव पहिल्यांदाच ठाण्याच्या पलीकडे पोचलं.

हा सगळा प्रकार आमच्या कॅमेरावाल्याने चित्रित केला होता. तो एरवी लग्नं करतो. प्रेक्षकांपैकी कोणाकडे काही नव्हतं, कारण सुरुवातीला मोबाइल बंद ठेवण्याची सूचना दिली होती, आणि डोंबिवलीत सूचना पाळणारे लोक अजून शिल्लक आहेत. म्हणजे एका नामवंताच्या मरणाचे एकमेव मालक आम्हीच होतो. एका वाहिनीचा फोनही येऊन गेला होता.

"टाकायलाच हवा," अध्यक्ष म्हणाले. "हा सांस्कृतिक दस्तऐवज आहे."

"अहो, पण ते पडताना दिसतात," खजिनदारबाई म्हणाल्या.

"पडणं त्यांच्या व्याख्यानातच होतं, बाई."

"उठणंही होतं. ते राहिलंय."

आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते सभेत फक्त तत्त्वाचं बोलतात. म्हणाले, "ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची मरणं लोकांपुढे मांडली, त्यांचं स्वतःचं मरण झाकून ठेवणं विसंगत ठरेल." विसंगत हा शब्द पडल्यावर आमच्याकडे कोणी विरोध करत नाही.

अडचण फक्त टाळ्यांची होती. माणूस मरतोय आणि डोंबिवली टाळ्या वाजवतेय, हे गावाच्या प्रतिमेला शोभणारं नव्हतं. तेव्हा टाळ्या वगळून, त्या जागी मंद बासरी घालून चित्रफीत प्रसिद्ध करावी, असं ठरलं. मी म्हणालो, त्यांच्या पत्नीला विचारायला नको का? सगळे माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी वड्यात केस दाखवला.

"विचारायचं काय त्यात?" अध्यक्ष म्हणाले. "संमती घेऊन येऊ."

तर संमती घ्यायला अध्यक्ष आणि मी त्यांच्या गाडीतून माजिवड्याला वक्त्यांच्या घरी गेलो. शिळ रस्त्यावर मेट्रोचं काम चालू, तिकडे पोचलो तर तिथेही मेट्रोचंच काम. वहिनींच्या बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून उड्डाणपूल दिसत होता. वहिनी निवृत्त शिक्षिका, अंगाने बारीक. त्यांनी चहा दिला आणि आमच्याकडे वर्गात उशिरा आलेल्या मुलांकडे पाहावं तसं पाहिलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "वहिनी, अशा माणसांवर समाजाचा हक्क असतो."

"होता ना. संध्याकाळी, व्याख्यान चालू असेल तोवर. बाकी वेळ ते घरी असायचे आणि गुडघे दुखतात म्हणायचे."

"त्यांनी स्वतः इतक्या थोरांचे अखेरचे क्षण..."

"ते सगळे मी ऐकलेत. स्वयंपाकघरात. एकाला पाणी मागायला लावायचे. मग म्हणायचे, अगं, पाणी फार व्हायला लागलंय, याला खिडकीकडे बघू दे का? मी म्हणायचे, बघू दे." त्यांनी कप खाली ठेवला. "ती मरणं त्यांनी रचलेली होती, भाऊसाहेब. हे रचलेलं नाही."

अध्यक्ष चहा पिऊ लागले. कप रिकामा होता.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे," वहिनी म्हणाल्या.

"त्या आम्ही काढतोय," अध्यक्ष घाईने म्हणाले. "तिथे बासरी येईल."

"टाळ्या काढल्यावर काय उरेल, माहितेय? म्हातारा माणूस पडलाय आणि एवढ्या भरलेल्या हॉलमधलं कोणी उठत नाही. टाळ्या असल्या तर निदान कळतं तरी की लोकांना ते नाटक वाटलं." रिकामे कप उचलत त्या म्हणाल्या, "मला ते बघायचं नाहीये. आणि दुसऱ्या कोणी बघितलं तर तो माणूस रस्त्यात भेटल्यावर मला कळेल, याने पाहिलंय. कोणीही बघायला नको. एवढं करा."

यावर बासरीचं काही चाललं नाही. चित्रफीत आमच्याकडून बाहेर जाणार नाही, असा शब्द अध्यक्षांनी दिला. देताना ते खरोखर हलले होते, हे मी नमूद करतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल असं काही नमूद करण्याची संधी येत नाही.

खाली गाडीत बसल्यावर त्यांनी कॅमेरावाल्याला फोन लावला आणि हार्ड डिस्क ताब्यात दे म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"देतो ना सर. पण ते चॅनलवर आहेच की."

"कोणत्या चॅनलवर?"

"आपल्याच. मालेच्या. इंटरनेटवर लाइव्ह गेलेलं ना त्या दिवशी. दरवेळी जातं."

"कोणी सांगितलं होतं लाइव्ह करायला?"

"तुम्हीच सर. कोरोनात. नंतर बंद कर असं कोणी बोललंच नाही मला."

म्हणजे ज्या दस्तऐवजाच्या प्रकाशनाचं नीतिशास्त्र आम्ही वडे संपेपर्यंत तपासलं होतं, तो सगळा वेळ जगासमोर उघडा पडला होता. शिळफाट्यापर्यंत अध्यक्षांनी गाडीचा एसी दोनदा कमी-जास्त केला. मग म्हणाले, "वहिनींना तुम्ही सांगा. तुमचा स्वभाव मृदू आहे."

सांगण्याआधी किती जणांनी पाहिलं ते कळायला हवं होतं. मी मानपाड्याला कॅमेरावाल्याच्या दुकानात गेलो. त्याने कोणा नवरानवरीचा हळदीचा अल्बम बाजूला सारला आणि पडद्यावर एक रेघ दाखवली. प्रेक्षक कुठपर्यंत टिकले ते ती रेघ सांगते. वाहिनीवाल्यांना, वर्तमानपत्रांना, कोणालाच तिकडे पाहण्याचं सुचलेलं नव्हतं.

"हे बघा काका, स्वागतगीत. इथे दहा-बारा जण आहेत. हे दीपप्रज्वलन, थोडे गेले. आणि इथे अध्यक्षसरांचं प्रास्ताविक चालू झालं."

तिथे रेघ जमिनीला टेकली होती.

"आणि पुढे?"

"पुढे कोणीच नाही. लाइव्हलाही नाही, नंतरही नाही."

मी दुकानाबाहेर येऊन वहिनींना फोन केला आणि सगळं सांगितलं. रेघेचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे यांचं भाषण सुरू व्हायच्या आधीच सगळे निघून गेले?"

"हो वहिनी. एकजणही पोचला नाही."

मग त्या म्हणाल्या, "बरं झालं, ते गेले. हे त्यांना सहन झालं नसतं." आणि मग, "काढून टाका आता. एखादा चिकाटीचा निघायचा."

त्याच संध्याकाळी चित्रफीत काढून टाकली. डिस्क मी स्वतः नेऊन वहिनींच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. निर्णय योग्यच झाला, पण प्रास्ताविकात आक्षेपार्ह असं काही नव्हतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. डिस्क गेली तरी लाइव्हची प्रत कॅमेरावाल्याच्या संगणकावर राहिली होती. त्याने प्रास्ताविकाचा तेवढा भाग वेगळा कापून चॅनलवर पुन्हा चढवला आणि उरलेली प्रत माझ्यासमोर पुसली.

थोर वक्त्याच्या अखेरच्या व्याख्यानापैकी सध्या तेवढंच उपलब्ध आहे.