तीन भाषांचा रविवार

चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळी मंडळी डोळे मिटायची, मामा मिटायचे नाहीत. दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसून टक्क उघड्या डोळ्यांनी आधी वेदीकडे, मग दाराकडे, मग छताकडे बघत राहायचे. मला हे कसं ठाऊक, असं विचारू नका. प्रार्थनेत माणसाचा एखादा डोळा किलकिला होतोच. तुमचाही होत असेल.

एकदा बाहेर पडताना मी विचारलंच. म्हणाले, "मिटले आन् तेवढ्यात काय झालं, तर? सगळ्यांना मिटल्या डोळ्यानं बी दिसंल. माझंच ऱ्हाईल की."

सोलापुरात सात रस्त्याजवळ त्यांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. राहायचे आमच्याच गल्लीत, एका खोलीत, एकटे. लग्न केलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. सख्खी भाची मात्र एकच, ती मोहोळला दिलेली.

रविवारी मामांची धावपळ बघावी. सकाळी आमच्या मराठी मंडळीची भक्ती, म्हणजे चर्चमधली उपासना. ती संपली की सायकल दामटत तेलुगू मंडळीत. संध्याकाळी कन्नड. दोन्ही भाषा त्यांना येत नव्हत्या, पण गाणी तिन्हीकडे खड्या आवाजात. तेलुगू मंडळीत कुणाच्या तरी मयतीचं गीत त्यांनी टाळ्या वाजवत म्हटलं, ही गोष्ट तिथलेच लोक हसत हसत सांगायचे.

"मामा, तिथलं काही कळतं का तुम्हाला?"

"न्हाय. पर आपण हितं मराठीत बसून ऱ्हायलो आन् प्रभू तिकडं तेलुगूत येऊन गेला, तर?"

पुढे मोबाइल आला आणि त्यांच्या जिवाला आणखी घोर लागला. सगळ्या मंडळ्यांचे ग्रुप त्यांच्याकडे. कुणी लिहिलं, की काल प्रार्थनेत मला प्रभूचा अनुभव आला, की हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून मामांचा फोन जायचा. "कुटं झालं हे? कितीला? मी तवा कुटं होतो?" समोरचा माणूस हे काय सांगणार!

आम्ही हसायचो. मग एकदा दुकानात चहा पिताना त्यांनी स्वतःहून सांगितलं. तरुणपणी सगळ्या मंडळ्यांचं मोठं कन्व्हेन्शन, म्हणजे प्रार्थनेचा मेळावा, भरला होता. आई, बहीण, सगळं घर मंडपात. सायकली चोरीला जातात म्हणून मामा बाहेर राखणीला. आत काय झालं कुणास ठाऊक. माणसं रडत रडत बाहेर आली, त्यांची आई आणि बहीणसुद्धा.

"घरात मला कुणी वाईट बोललं न्हाय. पर त्या दिवसापासनं त्या दोघी एकमेकीकडं बघून हसायच्या ना, ते मला कळायचं न्हाय. जेवायला मांडीला मांडी लावून बसायचो, तरी मी आपला बाहेरच." त्यांनी बशी पुसून ठेवली. "सायकल एकबी गेली न्हाय हां."

मी हसलो नाही.

एका वर्षी उन्हाळा कडक होता. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यात कुठं तरी जलवाहिनी फुटलेली. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या भक्तीला मामा आधी येऊन बसतात, हा शिरस्ता; त्या दिवशी बाकाचं टोक रिकामं. येशूच्या वधस्तंभावरच्या सातही उद्गारांवर बोलून झालं, मामा नाहीत. मी घाबरलो आणि थेट त्यांच्या खोलीवर गेलो.

मामा उंबऱ्यात बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा कोपरापर्यंत भिजलेला, पायात चप्पल नाही.

"तब्येत बरी ना?"

"बरी हाय. पाणी आलं."

त्यांच्या भिंतीला भिंत लागून एक तेलुगू म्हातारी राहायची. विड्या वळून पोट भरणारी; मुलगा भिवंडीला यंत्रमागावर. तिचं-मामांचं कधी बोलणं नाही, कारण भाषाच नाही. मामा बायबल घेऊन निघाले आणि नळ सुटला. म्हातारी घागर ओढता ओढता नळापाशीच बसली. "नीळ्ळू," म्हणाली.

"इतकी वर्षं त्यांची गाणी म्हणतोय," मामा म्हणाले, "पर हा एकच शब्द मला कळला. पाणी. घागर भरून देऊन पळावं म्हटलं. तर तिनं ओंजळच धरली. मी पाइप धरला. ती पीत होती, आन् पिता पिता वर बघत होती माझ्याकडं."

मला वाटलं, रडतील. रडले नाहीत.

"लई ओळखीचं बघणं होतं ते."

मग त्यांनी तिची सगळी भांडी भरली, पिंप भरलं. स्वतःचं भरायच्या आत नळ गेला होता.

मी म्हटलं, "आज पाळकसाहेब 'मला तहान लागली आहे' या येशूच्या उद्गारावर फार छान बोलले."

"व्हय?" एवढंच म्हणून ते आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिले.

"मामा, रविवारी मंडळीपुढं उठून या अनुभवाची साक्ष द्या की."

"काय देऊ? शेजारणीचं पाणी भरलं म्हणून? हसतील की." आणि तेच हसले.

त्यानंतर रविवारी ते आमच्या एकाच भक्तीला येऊ लागले. दुपारी आपल्या उंबऱ्यात बसायचे, म्हातारी तिच्या उंबऱ्यात विड्या वळायची. दोघांत एक शब्द नाही. मी जाता-येता बघायचो. वाटायचं, मामा आता कुठं घरात आले.

पण पावसाळ्याच्या आधी मुलगा येऊन म्हातारीला भिवंडीला घेऊन गेला. शेजारच्या दाराला कुलूप लागलं. मामा दुकान लवकर बंद करू लागले. "घरी काय, दुकानात काय," म्हणायचे, "बोलायचंय कुणाशी?" मी घरी बसा म्हटलं तर बसायचे, चहा घ्यायचे, पण त्या दुपारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

नाताळला ते भाचीकडे गेले आणि तिथेच झोपेत वारले. निरोप मिळाल्यावर मी, माझी बायको आणि पाळकसाहेब एसटीनं मोहोळला गेलो, तोवर माती देऊन झाली होती. पाळकसाहेबांनी अंगणात प्रार्थना केली. भाचीनं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. मग पदरानं तोंड पुसत तिनं मला विचारलं, "सोलापुरात मामांचं कोण होतं का हो?"

"होतो की आम्ही," मी म्हणालो.

तिनं आमच्या तिघांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.